छात्राध्यापकाला शिफारसपत्र द्यायचंय? आधी निरीक्षणवही काढा

काही वर्षांपूर्वी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून मला फोन आला. तिथल्या मुख्याध्यापिका बोलत होत्या. आमच्याकडे आंतरवासिता, म्हणजे बी.एड.मधला शाळेतला शिकवण्याचा सराव, करून गेलेल्या एका मुलीने तिथे अर्ज केला होता आणि सोबत माझं शिफारसपत्र जोडलं होतं. "बाई, पत्र छान आहे तुमचं," त्या म्हणाल्या, "पण मुलगी शिकवते कशी, ते काही कळलं नाही."

फोन ठेवून मी पत्राची प्रत काढली. होतकरू, मनमिळाऊ, कष्टाळू, वक्तशीर, आज्ञाधारक... एका पानात अकरा विशेषणं होती, मी मोजली. वर्गाचा उल्लेख फक्त तारखांच्या ओळीत. तेच पत्र तिने पतपेढीत कारकुनाच्या जागेसाठी जोडलं असतं, तरी कोणाला काही खटकलं नसतं.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी जवळच्या अध्यापक महाविद्यालयातून बी.एड.ची मुलंमुली, म्हणजे छात्राध्यापक, आमच्याकडे येतात. यंदा पहिल्यांदाच मार्गदर्शक शिक्षक म्हणून ज्यांचं नाव यादीत लागलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. कारण सत्र संपत आलं की एखादी छात्राध्यापिका स्टाफरूमच्या दारात येणार आणि म्हणणार, "मॅडम, एक लेटर पाहिजे होतं."

## १. आधी विचारा: कागद नेमका कोणता हवाय?

"लेटर" म्हणून मागितल्या जाणाऱ्या कागदांचे निदान चार प्रकार आहेत, आणि मागणाऱ्यालाही पुष्कळदा फरक माहीत नसतो.

आंतरवासिता पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र हा पहिला. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती दिवस हजर, किती पाठ. यावर सही मुख्याध्यापकांची असते आणि बहुतेक महाविद्यालयांचा छापील नमुना ठरलेला असतो. दुसरा कागद चारित्र्य प्रमाणपत्राचा. त्यात दोन ओळींपलीकडे काही नसतं.

तिसरं अनुभव प्रमाणपत्र, आणि इथे सांभाळायला हवं. आंतरवासिता हा प्रशिक्षणाचा भाग आहे, नोकरी नव्हे. "आमच्या शाळेत अध्यापनाचा चार महिन्यांचा अनुभव घेतला" असं वाक्य आपण सहज लिहून जातो. पुढे कोणीतरी ते नोकरीचा अनुभव म्हणून जोडतं, पडताळणीत ते उघडं पडतं आणि चूक त्या मुलीच्या माथी येते. म्हणून "बी.एड. अभ्यासक्रमांतर्गत आंतरवासिता" हे शब्द पत्रात असूच द्या.

चौथं शिफारसपत्र. पुढचं सगळं त्याच्याबद्दल आहे.

ते कुठे जाणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी असेल तर तिला प्रेमाने सांगा की, बाळ, तिथे माझ्या पत्राचा उपयोग नाही. तिथे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल (सरकारचं शिक्षकभरतीचं संकेतस्थळ) असा रस्ता आहे आणि चाचणीतल्या गुणांवर यादी लागते. त्या वेळात तिने अभ्यास केलेला बरा. पत्राला वजन असतं ते स्वतःची भरती स्वतः करणाऱ्या खाजगी विनाअनुदानित शाळांत, आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत, शिक्षणक्षेत्रातल्या फेलोशिपसाठी आणि परदेशातल्या विद्यापीठांत.

## २. पत्र लिहायला तुम्हीच योग्य आहात का?

एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतल्या कामासाठी किमान २० आठवडे धरले आहेत. साधारण ४ आठवडे पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. म्हणजे दुसऱ्या वर्षाची छात्राध्यापिका जवळजवळ एक सत्र तुमच्या डोळ्यांसमोर असते. प्रश्न एवढाच की, तुम्ही तिच्याकडे पाहिलं का. खरं बोलायचं तर छात्राध्यापक आले की आपल्यातल्या कित्येकांना त्या तासिकेत पेपर तपासायला वेळ मिळाला म्हणून बरं वाटतं. मलाही वाटायचं.

माझा स्वतःपुरता नियम असा: शेवटच्या बाकावर बसून निदान पाच पाठ पूर्ण पाहिले असतील, तरच पत्र. त्याहून कमी असतील तर बी.एड.ला तिची विषय-अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडे पाठवायचं. सूक्ष्म अध्यापनापासून, म्हणजे महाविद्यालयातल्या छोट्या सराव पाठांपासून, त्यांनी तिला पाहिलेलं असतं. मुख्याध्यापकांच्या सहीला मान मोठा, पण आमच्या मोठ्या सरांना २४ छात्राध्यापकांची नावंसुद्धा आठवत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पलीकडच्या शाळेला मुख्याध्यापकांचीच सही हवी असेल, तर मजकुराचा कच्चा खर्डा तुम्ही द्या आणि पत्रात "मार्गदर्शक शिक्षिकेच्या निरीक्षणांनुसार" असं स्पष्ट येऊ द्या.

आता नकाराविषयी. एका वर्षी एका छात्राध्यापकाने सातवीच्या मुलाला पट्टीने मारलं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेला आणि मानसिक त्रासाला बंदी आहे, आणि हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. सत्र संपल्यावर तो पत्र मागायला आला. मी म्हटलं, "माझ्यापेक्षा तुझ्या सरांनी दिलेलं जास्त चालेल." हे बोलणं भित्रेपणाचं होतं. त्याला कारण कळलं नाही आणि सरांना प्रसंग ठाऊक नव्हता. आता मी समोर बसवून सांगते, "मला पत्र देता येणार नाही, कारण हे आहे." पाच मिनिटं अवघडलेपण असतं, मग संपतं. कोमट पत्र देण्याचा मधला मार्ग मात्र काढू नका. वाचणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, आणि उमेदवार ते दहा ठिकाणी जोडत राहतो.

## ३. तिच्याकडून हे मागून घ्या

तोंडी विनंतीवर कामाला लागू नका. एका फाइलमध्ये पुढच्या गोष्टी आणायला सांगा:

- ज्या जागेसाठी किंवा अभ्यासक्रमासाठी अर्ज आहे त्याची जाहिरात वा माहितीपत्रक
- पत्र कोणाच्या नावे, कोणत्या भाषेत, कागदावर की ऑनलाइन, आणि शेवटची तारीख
- गुणपत्रिकेवर आहे तसंच पूर्ण नाव, स्पेलिंगसह
- पाठ टाचणांची (पाठांच्या आखणीची) वही, विशेषतः तुम्ही शेरे मारलेली
- आंतरवासितेचा अहवाल, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका आणि तिचा संविधान तक्ता (कशाला किती गुण, याचा आराखडा)
- स्वतःच्या शब्दांत अर्धं पान: कोणता पाठ जमला, कोणता फसला, पुढे काय करायचंय

नावाची बाब क्षुल्लक वाटते, पण सर्वाधिक पत्रं परत येतात ती तिच्यामुळे. पदवी माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने, आणि हजेरीपटावर तिसरंच काहीतरी. अर्जावर जे नाव आहे तेच पत्रात लिहा. नावाआधी "श्रीमती" पुरे. कुमारी की सौभाग्यवती याच्याशी वाचणाऱ्याला कर्तव्य नाही.

शेवटचं अर्धं पान आणायला मुली लाजतात. "मॅडम, तुम्हीच लिहा ना काहीतरी चांगलं." त्या अर्ध्या पानाशिवाय मी पेन हातात घेत नाही. फसलेल्या पाठाविषयी तिने काय लिहिलंय, त्यावरून मला जेवढं कळतं तेवढं बाकीच्या पाचही कागदांवरून कळत नाही.

आणि एक सापळा. "मॅडम, मीच टाइप करून आणलंय, तुम्ही फक्त सही करा." या वाक्याला कधीही हो म्हणू नका. आमच्या शेजारच्या तालुक्यातली गोष्ट आहे. एकाच गटातल्या सहा जणांची पत्रं एकाच शाळेत पोहोचली. मजकूर तोच, नाव तेवढं बदललेलं. त्यातल्या एका मुलाच्या पत्रात "तिची विषयाची तयारी उत्तम आहे" असं राहून गेलं होतं. सहाही पत्रं कपाटात गेली.

## ४. निरीक्षणवही: पत्र खरं इथे लिहिलं जातं

महाविद्यालयाकडून आलेला पाठ निरीक्षणाचा तक्ता तुम्ही भरलेला असतो. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, साहित्याचा वापर, मूल्यमापन, गृहपाठ, आणि प्रत्येकापुढे "चांगले", "चांगले", "उत्तम". पत्र लिहायच्या वेळी तो समोर ठेवून पाहा. काहीही आठवणार नाही. तो तक्ता गुणांसाठी असतो, आठवणीसाठी नव्हे.

म्हणून पहिल्या आठवड्यापासून एक साधी दोनशे पानी वही वेगळी ठेवा. प्रत्येक पाठाला अर्धं पान. वर तारीख, इयत्ता, तुकडी, घटक, पट आणि उपस्थिती. खाली मी तीनच गोष्टी लिहिते: छात्राध्यापकाने काय केलं, मुलांनी काय केलं किंवा ते काय बोलले, आणि तासानंतर मी काय सुचवलं. शेरा मारायचा नाही, जे दिसलं ते लिहायचं. "प्रश्नकौशल्य कमी" असं लिहिण्याऐवजी "१४ प्रश्न, त्यांतले ११ हो-नाहीचे, सगळे पहिल्या दोन बाकांना". मुलांची वाक्यं तर जशीच्या तशी टिपा, कारण ती तासाभराने आठवत नाहीत.

वर्गाबाहेरचंही लिहा. परिपाठाला कोण वेळेवर असतं, मधल्या सुट्टीत मुलं कोणाभोवती गोळा होतात, चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून कधी परत आल्या. एका छात्राध्यापकाबद्दल माझ्या वहीत एवढंच होतं: "नववी क. वाचता न येणारी तीन मुलं. रोज परिपाठाआधी २० मिनिटं व्हरांड्यात बसवतो. कोणी सांगितलं नव्हतं." नंतर त्याच्या पत्रातला सगळ्यात भक्कम परिच्छेद याच तीन ओळींतून निघाला.

तुमच्याकडे यंदा अशी वही नसेल आणि पत्र परवा द्यायचं असेल तर? मग पाठ टाचणांवरचे तुमचे शेरे वाचा, वर्गातल्या चार मुलांना बोलावून विचारा, "त्या बीएडच्या बाई आठवतात का? काय शिकवलं होतं त्यांनी?" मुलं अचूक सांगतात.

## ५. एक पाठ निवडा, शक्यतो फसलेल्यानंतरचा

पत्रात सगळं कोंबायचा मोह होतो. तो आवरा. एकच पाठ घ्या आणि तो वाचणाऱ्याला दिसू द्या.

माझ्याकडचं उदाहरण सांगते. आठवीचा "बल व दाब" हा पाठ. छात्राध्यापिकेने आठवी अ मध्ये उत्प्लावक बलाची (पाणी वस्तूला वर ढकलतं त्या बलाची) व्याख्या फळ्यावर लिहिली, मुलांकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतली, "समजलं का?" विचारलं, वर्ग "होऽऽ" म्हणाला आणि २२व्या मिनिटाला पाठ संपला. उरलेली १३ मिनिटं ती फळा पुसत होती. तासानंतर मी तिला एकच विचारलं, "तुला स्वतःला हे बल कधी जाणवलंय का?"

तीन दिवसांनी तोच घटक आठवी ब मध्ये होता. तिने पाण्याने भरलेली बादली आणि झाकण लावलेली रिकामी प्लॅस्टिकची बाटली आणली. शेवटच्या बाकावरच्या दोघांना पुढे बोलावलं आणि बाटली पाण्यात दाबायला लावली. "हाताला काय वाटतंय?" "बाई, खालून कोणीतरी ढकलतंय." वर्ग उठून उभा राहिला, पाणी सांडलं, पुसण्यात दोन मिनिटं गेली, व्याख्या शेवटी घाईत झाली. मग एका मुलीने विचारलं, "खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का नाही बुडत?" छात्राध्यापिका थांबली. "मला आत्ता नीट सांगता येणार नाही. उद्या सांगते." अशी वाक्यं बहुतेक वेळा उद्यावरच राहतात. दुसऱ्या दिवशी ती क्ले घेऊन आली. गोळा पाण्यात टाकला, बुडाला. त्याच गोळ्याची वाटी केली, तरंगली. त्या दिवशी तिचा पाठ नव्हता. माझ्या तासातली सात मिनिटं तिने मागून घेतली होती.

एखाद्या शाळेला शिक्षक घेताना जे जे जाणून घ्यायचं असतं, ते या एका प्रसंगात आहे. सूचना ऐकते का, ऐकून बदलते का, मागच्या बाकापर्यंत पोहोचते का, माहीत नसलेलं कबूल करते का, दिलेला शब्द पाळते का. मी यातलं एकही वाक्य विशेषण म्हणून लिहिलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.

सुरुवातीपासून सगळंच सुरेख करणारे छात्राध्यापकही असतात. त्यांचं पत्र लिहिणं उलट अवघड जातं, कारण बदल दाखवता येत नाही. तिथे मुलांच्या कामाकडे वळा: वह्यांत काय उतरलं, चाचणीत कोणत्या प्रश्नाला कशी उत्तरं आली.

## ६. पत्राचा सांगाडा आणि एक नमुना

एक पान, फार तर दीड. ओळख, प्रसंग, वर्गाबाहेरचं काम, एक उणीव, स्पष्ट शिफारस. नमुना खाली देते, पण उतरवून घेऊ नका. वर सहा पत्रांचं काय झालं ते वाचलंत.

> जा.क्र. ........ दिनांक ........
>
> प्रति,
> मा. मुख्याध्यापक, ........
>
> विषय : श्रीमती ........ यांच्याविषयी शिफारस
>
> महोदय,
>
> श्रीमती ........ यांनी बी.एड. अभ्यासक्रमांतर्गत आंतरवासितेचे १६ आठवडे आमच्या शाळेत पूर्ण केले. या काळात मी त्यांची विज्ञान विषयाची मार्गदर्शक शिक्षिका होते. त्यांचे ११ पाठ मी वर्गात बसून पाहिले. वर्गाचा सरासरी पट ५८ होता.
>
> इयत्ता आठवीच्या एका तुकडीत उत्प्लावक बलाचा त्यांचा पहिला पाठ व्याख्येच्या वाचनापुरता राहिला. याबाबत चर्चा झाल्यावर तीन दिवसांनी दुसऱ्या तुकडीत त्यांनी तोच घटक बादली व रिकाम्या बाटलीच्या साहाय्याने घेतला आणि बलाचा अनुभव आधी विद्यार्थ्यांच्या हाताला दिला. लोखंडी जहाज का बुडत नाही, या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तत्काळ देता येत नसल्याचे त्यांनी वर्गापुढे मान्य केले व दुसऱ्या दिवशी स्वतः वेळ मागून घेऊन ते प्रयोगाने दाखवले.
>
> घटक चाचणीची प्रश्नपत्रिका त्यांनी संविधान तक्त्यासह तयार केली. ५८ उत्तरपत्रिका चार दिवसांत तपासून, चुकांची नोंद करून परत दिल्या.
>
> कृती करून घेताना त्यांचे वेळेचे नियोजन अजून कोलमडते. पाठाचा शेवट घाईत होतो. शेवटच्या महिन्यात यात सुधारणा दिसली, तरी पहिल्या वर्षी त्यांना एखाद्या अनुभवी सहकाऱ्याची सोबत उपयोगी पडेल.
>
> उच्च प्राथमिक व माध्यमिक स्तरावर विज्ञान शिकवण्यासाठी मी त्यांची शिफारस करते. अधिक माहिती हवी असल्यास शाळेच्या दूरध्वनीवर माझ्याशी बोलावे.
>
> सही, नाव, पदनाम, शाळेचा शिक्का

यात "उत्कृष्ट" हा शब्द कुठेच नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

## ७. उणीव लिहायची, पण कशी

माझे सहकारी यावर माझ्याशी वाद घालतात. "बाई, पोरीचं नुकसान कशाला करता?" मला वाटतं, नुकसान होतं ते निव्वळ कौतुकाच्या पत्राने. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीत काहीच कमी नाही, असं वाचून मुख्याध्यापक हसतो आणि पुढचं पत्र उचलतो.

उणीव लिहिताना ती शिकून भरून येणारी आहे का, एवढं बघा. वेळेचं नियोजन, फलकलेखनाचा आकार, आवाजाचा चढउतार, हो-नाहीचे प्रश्न, या गोष्टी लिहायला हरकत नाही. तिने त्यासाठी काय केलं तेही त्याच वाक्यात यावं. स्वभाव, तब्येत, बोलीतले उच्चार यांना हात लावू नका. "ण" आणि "न" चा घोळ किंवा बोलीचा हेल ही उणीव म्हणून लिहिलेली पत्रं मी पाहिली आहेत. त्यातून लिहिणाऱ्याचीच समज दिसते.

आणि जे लिहिणार आहात ते तिला आधी तोंडाने सांगितलेलं असू द्या. पत्रातून पहिल्यांदा कळणं वाईट.

## ८. हे पत्रात नको

जात, धर्म, लग्न झालंय की व्हायचंय, घरची परिस्थिती, वडिलांचा व्यवसाय, दिसणं. माझ्या अगदी पहिल्या पत्रात मी "सुसंस्कृत घरातील" असं लिहिलं होतं, आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. "शेतकरी कुटुंबातून कष्टाने पुढे आलेली" हे वाक्य प्रेमापोटी येतं हे खरं, पण ते सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं.

विद्यार्थ्यांची नावंही नकोत. "आठवीतील एक विद्यार्थिनी" पुरे. अपंगत्व, कौटुंबिक अडचणी, शाळेतल्या तक्रारी असं मुलांचं काहीही ओळख पटेल अशा रीतीने येता कामा नये. पत्र कोणाकोणाच्या हाती जाईल ते आपल्या हातात नसतं.

"आज्ञाधारक" हा शब्द तर काढूनच टाका. वर्ग सांभाळणाऱ्या माणसाबद्दल आपण लिहितोय.

## ९. लेटरहेड, जावक क्रमांक, शिक्का

मजकूर तुमचा असला तरी लेटरहेड शाळेचं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, पत्राला जावक क्रमांक टाकून घ्या आणि नोंदवहीत नोंद झाली का ते स्वतः पाहा. पुढे कोणी खातरजमा करायला फोन केला की कार्यालयातले भाऊसाहेब आधी जावक रजिस्टर उघडतात. तिथे नोंद नसेल तर "असं पत्र आमच्याकडून गेलं नाही" असं उत्तर जातं. हे आमच्याकडे घडलंय, आणि पत्र खरं होतं.

परवानगी मिळत नसेल तर कोऱ्या कागदावर व्यक्तिगत नात्याने लिहा, खाली पदनाम द्या, शिक्का मारू नका. तारीख कोरी ठेवू नका. "नंतर टाकते" म्हणणाऱ्या मुलीलाही नाही. स्कॅन करताना मोबाइलने तिरका फोटो काढण्यापेक्षा स्कॅनचं ॲप वापरा, आणि पीडीएफला "लेटर फायनल २" ऐवजी उमेदवाराचं नाव द्या.

## १०. परदेशी विद्यापीठाचा अर्ज असेल तर

इथली रीत वेगळी आहे. पत्र मुलीच्या हातात द्यायचं नसतं. ती अर्जात तुमचा ईमेल भरते, तुम्हाला दुवा येतो, तुम्ही थेट तिथे पत्र चढवता. ईमेल शक्यतो शाळेच्या नावाचा हवा. खाजगी पत्ता दिला तर काही ठिकाणी तुमची ओळख पटवणारं आणखी काही मागतात. दुवा बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन बसतो, तिथे पाहा.

अमेरिकेतल्या अर्जांत "हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते" असा एक पर्याय विद्यार्थ्यापुढे असतो. तिने तो निवडला म्हणून तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पत्र मोकळेपणाने लिहिलं गेलंय असं वाचणाऱ्याला वाटावं, यासाठी बहुतेक जण तो निवडतात.

पत्राबरोबर चौकटीही भराव्या लागतात: तुमच्या पाहण्यातल्या लोकांत ही पहिल्या ५ टक्क्यांत की १० टक्क्यांत? आपला हात आपोआप सगळ्यात वरच्या चौकटीकडे जातो. माझ्याकडे आजवर चाळीसेक छात्राध्यापक आले. त्यांतले पहिल्या ५ टक्क्यांत दोनच बसतात. दोनच असू द्या.

आणि जे आपल्याला सांगावंसं वाटत नाही ते तिथे मुद्दाम सांगा. ३५ मिनिटांची तासिका, ५८ चा पट, दोन तुकड्यांत मिळून एक प्रयोगशाळा. आपल्याला ही रोजची गोष्ट. २० मुलांच्या वर्गाची सवय असलेल्या वाचकाला त्या बादलीची किंमत या आकड्यांवरून कळते. मुदत त्यांच्या घड्याळाने असते, पण शेवटच्या रात्रीवर भरवसा ठेवू नका. दोन दिवस आधी चढवून मोकळं व्हा.

## ११. पत्र दिल्यानंतर

एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि निरीक्षणवहीच्या त्या पानाला खूण करा. फोन कधीही येतो, सहा महिन्यांनीही. तुम्ही जे लिहिलंय त्याहून वेगळं फोनवर बोललात तर पत्र वाया जातं.

तेच पत्र पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेसाठी मागितलं गेलं तर "प्रति"खालचं नाव, विषय आणि तारीख नव्याने घाला आणि मधल्या काळातलं काही तुम्हाला ठाऊक असेल तरच वाढवा.

निकाल कळव, असं मी प्रत्येकीला सांगते. कळवत नाहीत. त्यामुळे जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पहिल्या आठवड्यात मीच फोन लावते.